सीटी रिपोर्टमधले कॉन्का बुलोसा, हॅलर, ओनोडी, केरॉस: यात आजार किती आणि नुसती रचना किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४. दोन-तीन वर्षांपासून कपाळ आणि डोळ्यांच्या मागची बाजू दुखते, महिन्यातून चार-पाच वेळा. अधूनमधून नाक चोंदतं. सायनसचा सीटी काढला, त्यात लिहून आलं: नाकाचा पडदा डावीकडे वाकडा आणि त्यावर स्पर (हाडाचं पुढे आलेलं टोक), उजवीकडे कॉन्का बुलोसा, दोन्हीकडे हॅलर सेल, उजवीकडे ओनोडी सेल, केरॉस टाईप २, डाव्या मॅक्सिलरी सायनसमध्ये किंचित म्युकोसल थिकनिंग, ऑस्टिओमिएटल युनिट दोन्हीकडे मोकळं. ‘एवढे दोष निघाले आहेत, तर ऑपरेशन करून मोकळं व्हावं का?’

या रिपोर्टच्या आधारावर ऑपरेशन करू नका. यादीतल्या पहिल्या पाच नोंदी तुमच्या नाकाची ठेवण सांगतात. आजाराकडे बोट दाखवू शकेल अशी नोंद एकच, ती म्हणजे थिकनिंग, म्हणजे सायनसच्या अस्तराची सूज, आणि तीही किरकोळ. तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे, आणि नेमकी तीच लोक वाचत नाहीत. ऑस्टिओमिएटल युनिट म्हणजे मॅक्सिलरी (गालातला), पुढचा इथमॉइड (दोन डोळ्यांच्या मधला) आणि फ्रंटल (कपाळातला) या सायनसचा निचरा ज्या अरुंद जागेतून होतो ती जागा. ती दोन्हीकडे मोकळी आहे. म्हणजे पडदा वाकडा असूनही, हॅलर सेल (डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी, मॅक्सिलरीच्या वाटेजवळ आलेला इथमॉइडचा कप्पा) असूनही सायनसचं काम अडलेलं नाही.

मग रेडिओलॉजिस्ट एवढं सगळं लिहितात कशाला? कारण हा रिपोर्ट मुळात सर्जनसाठी लिहिलेला असतो. १९८० च्या दशकात दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया रुळली आणि तेव्हापासून सर्जनला आत शिरण्याआधी त्या माणसाच्या आतल्या भिंती, छप्पर आणि कोपरे माहीत असणं भाग पडलं. चेहऱ्यांसारखीच प्रत्येकाची सायनस वेगळी असतात आणि एकाच माणसाची उजवी-डावी बाजूही जुळत नाही. तीच यादी पेशंटच्या हातात पडली की ती आजारांची यादी वाटते. यात दोष पेशंटचा नाही. कुठली ओळ कुणासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

या वेगळेपणामुळे सायनसायटिस होतो का, हे बऱ्याच जणांनी तपासून पाहिलं आहे. पद्धत साधी आहे. ज्यांना जुनाट सायनसायटिस आहे त्यांचे सीटी आणि ज्यांचा सीटी दुसऱ्याच कारणासाठी काढला त्यांचे सीटी शेजारी ठेवायचे आणि मोजायचं. वाकडा पडदा, कॉन्का बुलोसा, हॅलर सेल हे दोन्ही गटांत जवळपास सारख्याच प्रमाणात सापडतात. अॅगर नाझी नावाचा पुढचा कप्पा तर इतक्या जणांना असतो की तो नसणं हेच वेगळेपण म्हणायला हवं. एक अपवाद मात्र मी मानतो. वर्षाला चार किंवा जास्त वेळा पू, ताप, गाल ठणकणे असा पुरता सायनसायटिस होतो आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, अशा लोकांत हॅलर सेलमुळे अरुंद झालेली वाट हे एक कारण असू शकतं. तुमचा इतिहास तसा दिसत नाही.

थिकनिंगबद्दलही थोडं सांगतो. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचा सीटी काढला, तर ८७ टक्के लोकांच्या मॅक्सिलरी सायनसमध्ये बदल दिसले. त्यांना अँटिबायोटिक न देता काही दिवसांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा बहुतेकांचे ते बदल निवळले होते किंवा पुष्कळ कमी झाले होते. म्हणून सर्दीत काढलेला सीटी फक्त सर्दी दाखवतो. सायनस किती भरलेत हे मोजायला आपण लुंड-मॅके नावाचे गुण वापरतो, ० ते २४ असे. ज्यांना सायनसचा काहीच त्रास नाही अशा लोकांचीही सरासरी ४ च्या आसपास भरते. तुमच्या रिपोर्टला जेमतेम १ मिळेल. रिटेन्शन सिस्ट हा आणखी एक शब्द लोकांची झोप उडवतो. मॅक्सिलरी सायनसच्या तळाशी गोल गुळगुळीत सावली दिसते ती हीच. बहुतेकांना ती जन्मभर काही करत नाही आणि तिच्या वाटेला जायचं कारण नसतं.

आता डोकेदुखी, कारण तुमची खरी तक्रार ती आहे. कपाळ किंवा गाल दुखले की घरातले सगळे ‘सायनस’ म्हणतात आणि दहांतले निम्मे डॉक्टरही तेच म्हणतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आपली डोकेदुखी सायनसची आहे असं धरून चाललेल्या आणि मायग्रेनचं निदान कधीच न झालेल्या सुमारे ३००० जणांना तपासलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या निकषांत बसली. मायग्रेनमध्ये नाक चोंदू शकतं, डोळ्यांतून पाणी येऊ शकतं, हवा बदलली की दुखणं उसळतं, त्यामुळे गल्लत होते. स्वतःला विचारा: दुखतं तेव्हा उजेड आणि आवाज नकोसे होतात का? मळमळतं का? अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं का? दुखण्याच्या दिवशी नाकातून पिवळा-हिरवा स्राव येतो का, की नाक नुसतं जड होतं? जुनाट सायनसायटिस म्हणायला १२ आठवडे सलग त्रास लागतो आणि त्यात नाक बंद असणं किंवा घट्ट स्राव यांपैकी एक तरी असावंच लागतं. महिन्यातून चार-पाच दिवस येऊन जाणारं दुखणं त्या चौकटीत बसत नाही. न्यूरोलॉजिस्टकडे एकदा जाऊन या. ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

पडद्यावरचा स्पर शेजारच्या टर्बिनेटला (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत आलेल्या, अस्तराने झाकलेल्या हाडाच्या घडीला) टेकतो म्हणून डोकं दुखतं, असा एक सिद्धांत आहे. असे पेशंट नाहीत असं मी म्हणणार नाही. पण असे टेकलेले स्पर डोकं कधीच न दुखणाऱ्यांतही भरपूर सापडतात. दुखणं चालू असताना त्या जागी भूल देणारं औषध लावलं आणि काही मिनिटांत दुखणं उतरलं, तर पुढे बोलता येतं. तरीही तेवढ्यावर पडद्याचं ऑपरेशन ठरवताना मी हात आखडताच घेतो.

पडदा थोडाफार वाकडा नसलेला माणूस शोधावा लागेल. घरोघरी ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. पडदा सरळ करायचा तो नाकातून श्वास अडतो म्हणून. सीटीत वाकडा दिसतो हे त्याचं कारण होऊ शकत नाही. श्वास किती अडतो ते सीटी सांगतही नाही. आपल्या नाकात दर काही तासांनी एका बाजूची टर्बिनेट फुगतात आणि दुसऱ्या बाजूची आकसतात. ते चक्र नैसर्गिक आहे आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. सीटी काढला त्या क्षणी उजवी बाजू फुगलेली असेल तर रिपोर्टमध्ये उजवीकडे टर्बिनेट हायपरट्रॉफी लिहून येतं. तीन तासांनी काढला असता तर कदाचित डावीकडे आलं असतं.

कॉन्का बुलोसा म्हणजे मधल्या टर्बिनेटच्या आत हवेचा कप्पा तयार होणं. छोटा असेल तर सोडून द्या. खूप मोठा असेल तर तो बाजूच्या भिंतीला रेटतो, आणि क्वचित त्याचंच तोंड बंद होऊन आत पू साठतो. तेव्हा तो खराच आजार होतो आणि सीटीवर तो कप्पा हवेने काळा न दिसता राखाडी भरलेला दिसतो. गंमत म्हणजे मोठी कॉन्का एका बाजूला असली की पडदा बहुधा विरुद्ध बाजूला झुकलेला असतो. तुमचंही तसंच आहे, उजवीकडे कॉन्का आणि पडदा डावीकडे. यात कुणी कुणाला ढकललं यावर चर्चा चालू असते, पण दोघांच्या मध्ये हवेची फट बहुतेक वेळा शाबूत राहते. रेटलं असतं तर फट उरली नसती.

ज्या एका गोष्टीमुळे माझा या सगळ्या विषयाकडे बघायचा डोळा बदलला ती सीटीत दिसत नाही. सायनसच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि ते आतला चिकट स्राव सतत एका ठरावीक दिशेने ढकलतात. ती दिशा नेहमी सायनसच्या मूळच्या छिद्राकडे असते. मॅक्सिलरी सायनसला खाली सोयीस्कर मोठं भोक पाडलं, तरी स्राव ते ओलांडून वरच्या मूळ छिद्राकडेच जातो. हे ऑस्ट्रियातल्या ग्राझचे नाक-कान-घसा तज्ज्ञ मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं आणि जुन्या पद्धतीची ऑपरेशनं मागे पडली. काहींना मूळ छिद्राच्या मागे निसर्गतःच दुसरं छिद्र असतं. त्याला अॅक्सेसरी ऑस्टियम म्हणतात. एरवी ते निरुपद्रवी असतं. पण काही जणांत मूळ छिद्रातून बाहेर पडलेला स्राव त्या दुसऱ्या छिद्रातून पुन्हा आत शिरतो आणि गोल गोल फिरत राहतो. आधी ऑपरेशन झालेलं असूनही त्रास थांबत नाही अशा पेशंटच्या सीटीत मी पहिल्यांदा हेच शोधतो: सर्जनने केलेलं भोक मूळ छिद्राला जोडलं गेलंय का, की दोन भोकं अलग राहिली आहेत.

आता ऑपरेशन खरोखर ठरलं तर सर्जन काय पाहतो ते. इथे तुमच्या रिपोर्टमधल्या केरॉस आणि ओनोडी या शब्दांना वजन येतं.

नाकाचं छप्पर म्हणजेच मेंदूच्या पुढच्या भागाची जमीन. वासाच्या नसा जिथून खाली उतरतात तिथे हे छप्पर मध्यभागी खाली दबलेलं असतं. ते किती खोल दबलंय त्यावरून झाग्रेबचे केरॉस यांनी १९६२ साली तीन प्रकार केले: १ ते ३ मिमी, ४ ते ७ मिमी आणि ८ ते १६ मिमी. खोली जितकी जास्त, तितकी बाजूची उभी हाडाची पट्टी उंच आणि उघडी. आणि ही पट्टी सबंध कवटीच्या तळातलं सगळ्यात पातळ हाड आहे, एक मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही पातळ. सर्जनची पकड चुकून आतल्या अंगाला वळली, तर इथूनच मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळायला लागतं. टाईप २ हा बहुतेक अभ्यासांत सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मला आकड्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती दोन्ही बाजूंच्या फरकाची. उजवीकडे ३ मिमी आणि डावीकडे ७ मिमी असेल, तर सोपी बाजू आधी उरकलेला सर्जन त्याच अंदाजाने दुसरीकडे हात चालवतो आणि गोत्यात येतो. म्हणून ‘केरॉस टाईप २’ एवढंच लिहून न थांबता दोन्ही बाजू वेगळ्या लिहिलेल्या असाव्यात.

ओनोडी सेल हा मागच्या इथमॉइडचा एक कप्पा. तो मर्यादा सोडून मागे, स्फीनॉइड सायनसच्या (नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या सायनसच्या) वर आणि बाहेरच्या अंगाला सरकतो. डोळ्याची मुख्य नस त्या कप्प्याच्या भिंतीतून जाते, कधी त्यात उघडी डोकावते. सर्जन सरळ मागे मागे जात राहिला तर त्याला वाटतं आपण स्फीनॉइडमध्ये पोचलो. प्रत्यक्षात स्फीनॉइड खाली आणि मधल्या बाजूला राहिलेला असतो आणि समोर नस असते. सीटीवर ओनोडी ओळखायची माझी सवय अशी: समोरून घेतलेल्या, म्हणजे कोरोनल काप्यांमधून मागे सरकत जायचं. स्फीनॉइडमधला पडदा साधारण उभा असतो. तिथे आडवा पडदा दिसला तर थांबायचं. त्या आडव्या पडद्याच्या वरची हवा बहुधा स्फीनॉइडची नसून ओनोडीची असते. मग बाजूने घेतलेल्या काप्यांवर तो कप्पा कुठून सुरू झाला ते मागोवा घेत नक्की करायचं.

स्फीनॉइडमध्ये आणखी एक पथ्य आहे. त्याच्या आतला पडदा सरळ मध्यावर क्वचितच असतो. बऱ्याचदा तो मागे जाऊन कॅरॉटिड या मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या हाडावर टेकतो. असा पडदा पकडीत धरून पिळून काढला तर मुळाशी असलेलं हाड त्या वाहिनीवरून उचकटून येऊ शकतं. काहींत वाहिनीवर हाडच नसतं, नुसतं अस्तर. हे सीटीवर आधी दिसतं. न पाहता गेलेल्याला टेबलावर समजतं.

पुढच्या इथमॉइडल धमनीबद्दल रिपोर्ट बहुतेक गप्प असतात, म्हणून ती स्वतः शोधावी लागते. डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या भिंतीवर, वरच्या तिरक्या स्नायू आणि आतल्या सरळ स्नायूच्या मध्ये, एक छोटं टोक नाकाच्या दिशेने आलेलं दिसतं. तीच तिची जागा. त्या टोकाच्या वर थेट छप्पर असेल तर धमनी हाडात सुरक्षित आहे. वर हवा दिसली तर धमनी छपरापासून सुटून मध्येच लोंबते आहे. ती कापली गेली तर तुटलेलं टोक आकसून डोळ्याच्या खोबणीत जातं, तिथे रक्त साठतं, दाब वाढतो आणि नजर वाचवायला हातात फार थोडा वेळ राहतो.

या सगळ्या जागा लक्षात ठेवायला इंग्रजी आद्याक्षरांचा ‘क्लोज’ असा शब्द वापरतात: क्रिब्रिफॉर्म प्लेट (वासाच्या नसा जिथून उतरतात ते चाळणीसारखं हाड), लॅमिना पॅपिरेशिया, ओनोडी, स्फीनॉइड, इथमॉइडल धमनी. लॅमिना पॅपिरेशिया म्हणजे नाक आणि डोळ्यामधली कागदासारखी भिंत. जुन्या मारामुळे किंवा जन्मतःच ती काही ठिकाणी नसते आणि डोळ्याची चरबी इथमॉइडमध्ये उतरलेली असते. ती पॉलिप (अस्तराची सुजून लोंबणारी गाठ) समजून ओढली जाते, तेव्हा गडबड होते.

रचनेतला बदल स्वतःच आजार असतो अशी एक जागा मात्र आहे, आणि ती सहज नजरेतून सुटते. मॅक्सिलरी सायनस लहान आहे, अन्सिनेट नावाचं पातळ हाड डोळ्याच्या भिंतीला चिकटलंय, सायनसचं छप्पर खाली ओढलंय आणि सायनस पूर्ण भरलाय. पेशंटला दुखत नाही. फोटोत एक डोळा आत गेलेला, खाली बसलेला दिसतो म्हणून तो येतो. याला सायलेंट सायनस सिंड्रोम म्हणतात. सायनसचं छिद्र बंद झालं, आतली हवा शोषली गेली, आणि भिंती हळूहळू आत ओढल्या गेल्या. जन्मतःच सायनस लहान असणं वेगळं, त्यात भिंती अशा आत वाकलेल्या नसतात. दोन्हींमध्ये अन्सिनेट डोळ्याच्या अगदी लगत असतं, त्यामुळे सवयीच्या जागी चाकू घातला की तो थेट डोळ्याच्या खोबणीत जातो.

अन्सिनेट वर कुठे जोडलंय याने फ्रंटल सायनसची वाटही ठरते. बहुतेकांत ते डोळ्याच्या भिंतीला जोडलेलं असतं आणि फ्रंटल त्याच्या आतल्या बाजूने उतरतो. छपराला किंवा मधल्या टर्बिनेटला जोडलेलं असेल तर वाट बाहेरच्या बाजूने. फ्रंटलच्या आसपासच्या कप्प्यांची वर्गवारी हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे नको. काहींना एका किंवा दोन्ही बाजूंना फ्रंटल सायनस तयारच होत नाही, त्याने काही बिघडत नाही. आणि पाच वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘फ्रंटल हायपोप्लास्टिक’ लिहून आलं तर हसून सोडून द्या, तो त्या वयात तयार व्हायचाच असतो.

कुठल्या ओळी वाचल्यावर मी सावध होतो? एकाच बाजूचा आजार. फक्त एक मॅक्सिलरी सायनस भरलेला असेल तर आधी वरच्या दाढांची मुळं पाहायची. किडलेल्या दाढेतून येणारा सायनसायटिस बहुधा एका बाजूचा असतो आणि त्याला घाण वास येतो. तिथे दात दुरुस्त न करता सायनस धुतला तर महिन्याभरात पुन्हा तेच. भरलेल्या सायनसमध्ये पांढरे चुन्यासारखे ठिपके दिसले तर बुरशीचा गोळा. हाड झिजलेलं किंवा खाल्लेलं दिसलं, एका बाजूने नाकातून रक्त येत असेल, गाल बधिर होत असेल, तर लगेच दुर्बीण आणि बायॉप्सी. यातलं तुमच्या रिपोर्टमध्ये काही नाही.

तुम्ही आता करायचं ते एवढंच. नाकाची दुर्बिणीने एकदा तपासणी करून घ्या. मधल्या फटीत पू किंवा पॉलिप दिसला नाही आणि सीटी हा असा, तर सायनसचा विषय बाजूला ठेवून डोकेदुखीचा इलाज सुरू करा. नाक चोंदण्यासाठी मिठाच्या पाण्याने धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे किमान दोन-तीन महिने नियमित. स्प्रेचं टोक पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरा, नाहीतर रक्त येतं आणि लोक औषध सोडतात. मेडिकलमधून आणलेले नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांच्या वर नकोत.

पुढे पडद्याचं किंवा सायनसचं ऑपरेशन सुचवलं गेलं, तर नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी किंवा लिंक न्या. फिल्मवर निवडक कापे असतात. सर्जनला एक मिमी किंवा त्याहून पातळ कापे तिन्ही दिशांनी स्वतः सरकवून पाहता आले पाहिजेत. त्यांना विचारा: माझ्या स्कॅनमधली कुठली गोष्ट तुमचं ऑपरेशन बदलते? उजवीकडचा ओनोडी त्यांनी तुम्ही न सांगता दाखवला, तर चांगलं लक्षण समजा. आणि हाच सीटी जपून ठेवा. मधल्या काळात ऑपरेशन किंवा मार लागला नसेल तर हाडांची रचना बदलत नाही. अस्तराची सूज नव्याने पाहायची गरज पडली तरच दुसरा काढायचा, तोही सर्दी नसताना आणि औषधांचा पुरता कोर्स झाल्यावर.